गल्लीतले रिकामे बॉक्स

४ एप्रिल, मंगळवार

सुरू केलं एकदाचं. बटण मला दाबायला लावलं नितीन सरांनी. कंपनी त्यांची, पण म्हणाले, लेकरू तुझं आहे, तूच नारळ फोड. फिरोजनं खरोखरचा नारळ आणला होता. खोबऱ्याला आता मुंग्या लागल्यात, पण कुणी उचलत नाही, मीही नाही.

आजपासून आमच्या 'मांडव' ॲपवर वेबसाइट बनवणाऱ्या माणसाची बाणांशी झटापट संपली. आधी पानावरच्या प्रत्येक बॉक्सला चार बाण होते. फोटो जरा वर घ्यायचा तर दाब बाण, दाब बाण. आता बोट ठेवा, उचला, हवं तिथं सोडा. शेजारचे बॉक्स आपोआप सरकतात, रांगेत बसतात, मधलं अंतर सारखं होतं. आणि लोकांनी जागोजागी टाकून दिलेले रिकामे बॉक्स आपोआप निघून जातात. हे शेवटचं माझं खास. वर्षभर लोकांची पानं बघतेय, ज्याच्या त्याच्या पानात रिकामा बॉक्स. माझ्या डोळ्यात खुपायचे ते. मी वहीत लिहिलंच होतं, रि. बॉ. म्हणजे माणूस चुकला.

दुपारपर्यंत एकही तक्रार नाही. मी अशी खूश. फोन घेणं फिरोजकडं असतं, तो म्हणाला, "मॅडम, जरा सबर करा. पब्लिक अजून झोपून राहिली."

५ एप्रिल, बुधवार

उठली पब्लिक.

रेणापूर नाक्याजवळचे एक क्लासवाले सर. त्यांच्या निकालाच्या पानावर पहिला आलेला पोरगा मधोमध, हा एवढा, आणि बाकीचे त्याच्याभोवती तिकिटाएवढे. रात्रीतून सगळे एका मापाचे झाले. "मॅडम, माझा पहिला आलेला अन् काठावर पास झालेला, दोघं सारखेच? मग पालक माझ्याकडं कशाला येतील?" मी समजावलं, कोपरा धरून ओढा, मोठा होतो. "कोपरा कुठाय?" कोपरा त्यांच्या अंगठ्याखाली होता. पण ते सापडेपर्यंत माझा चहा गार झाला.

धर्माबादचे मिरचीचे व्यापारी: फोटो ओढायला गेलं की आख्खं पान खाली पळतं. त्यांची मिरची पार फोन नंबरच्या खाली जाऊन बसली. फिरोज म्हणाला, चाचा, बाण गेले, आता बोटानं करायचं. चाचा म्हणाले, "बोटं माझी हायत, ती कुठं जात न्हाईत. तुमी माझे बाण द्या."

एकच चांगला फोन. नांदेडला शिवणक्लास चालवणाऱ्या बाई, "लई सोपं केलंत, देव भलं करो." रेकॉर्डिंग फिरोजकडून दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मागितलं तर हसला मेला.

नि. सर म्हणतात, जुने लोक चार दिवस ओरडतात, मग सवय होते. बरोबर आहे. मीही कालपासून हेच म्हणून राहिले.

७ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस देगलूरच्या दोन भावांचा.

दोघांचं मिळून भांड्यांचं दुकान. वेबसाइटवर दोघांचे फोटो, मध्ये एक रिकामा बॉक्स. माझ्या नवीन मांडणीनं तो काढला आणि दोघं खांद्याला खांदा लावून बसले. थोरल्याचा फोन आला, "आमचं बोलणं बंद हाय. गावाला ठाव हाय. आता लोकं इचारायलेत, मिटलं का म्हणून." तासाभरात धाकट्याचा. तेच. त्याला वाटलं, थोरल्यानं मुद्दाम केलं.

फिरोजनं काय करावं, दोघांना एका लाइनवर घेतलं. म्हणे, तुम्हीच ठरवा कोण कुठं बसणार. पाच मिनिटं भांडले आणि शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं, की मध्ये दोन रि. बॉ. पाहिजेत, एकानं भागत नाही. हसून हसून पोट दुखलं. पण बॉक्स ठेवला की माझी मांडणी परत काढून टाकते. शेवटी फिरोजनं दोन्ही बॉक्समध्ये पांढऱ्या भिंतीचा फोटो चिकटवून दिला. मांडणीला वाटतं, आत काहीतरी आहे.

हे मला लागलं थोडं. मी केलेल्या गोष्टीला माझाच माणूस चकवून राहिला.

घरी आईला भावांची गोष्ट सांगितली. खानावळीत क्रॅश बॅचची पोरं आल्यापासून तिला बोलायलाही फुरसत नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मग ठेवायचा की बाई त्यांचा बॉक्स. तुझं काय खायला मागत होता?"

आईलाच नीट कळत नाही. कळेल.

९ एप्रिल, रविवार

सकाळी सखू मावशीचा फोन, नांदेडहून. मावशी म्हणजे आमच्या जुन्या गावातली शेजारीण, आता मुलाकडं असते. नेहमी आईला फोन करते, आज मला केला. ना खुशाली ना काही.

"वर्षे, पुन्हा प्लॉट पाडले का गं तुमी?"

मला कळेना. म्हणाली, "तुझ्या आईचं पान बघ."

आईचं पान. मी विसरलेच होते, खरं सांगते. खानावळीचा आठवड्याचा मेनू टाकायला दोन वर्षांपूर्वी मीच तिला 'मांडव' शिकवलं होतं, टॅबवर. मेनू तिनं महिनाभर टाकला. मग गुपचूप दुसरंच पान सुरू केलं, 'आपली गल्ली'. किल्लारीच्या भूकंपात गेलेलं आमचं गाव, त्यातली आमची गल्ली. प्रत्येक घराला एक बॉक्स. नामदेव मिस्त्री. सखू. काशीबाईचं दुकान. वरच्या टोकाला मारुती. गल्लीतल्या बाया आता पुण्याला, सोलापूरला, नांदेडला, काही नवीन गावात. सगळ्यांचा फोनवर ग्रुप आहे, आणि दोन वर्षं त्यांचं भांडण चालूय, की तुझं दार इकडं नव्हतं, तुझ्या दारात लिंब नव्हता, तो आमचा होता. आई बाण दाबून दाबून एकेक घर सरकवायची. मी कधी धड बघितलं नव्हतं. म्हणायचे, आईचा टाइमपास.

आज उघडलं. सगळी घरं चार सरळ रांगांत. सारखं माप, सारखं अंतर. मधली गल्ली नाही. बोळ नाही. मारुतीच्या पुढचं मोकळं नाही. मारुती मिस्त्री आणि काशीबाईच्या मधे, शिस्तीत उभा.

गल्ली म्हणजे रिकामे बॉक्स होते. आणि कसं असणार दुसरं?

नवीन गाव असंच आहे. घरं चांगली, पक्की, रस्ते रुंद, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण ज्याचा जिथं नंबर लागला तिथं घर, त्यामुळं शेजारी पार या टोकाला आणि त्या टोकाला. मावशी तेच म्हणत होती.

मला भडभडून आलं. आई स्वयंपाकघरात होती, तिला हाक मारायची हिंमत झाली नाही.

१० एप्रिल, सोमवार

आईला माहीत होतं. बुधवारपासूनच. गुरुवारी पोरांना वाढताना, शुक्रवारी मी भावांची गोष्ट सांगून हसत होते तेव्हा, सगळा वेळ माहीत होतं.

"सांगितलं का न्हाईस?"

"तू नारळ फोडून आलतीस. लई खुशीत होतीस."

एवढंच. मग म्हणाली, झालं ते झालं, डबे भरायचेत, चटणी काढ. मी म्हटलं, मी परत करून देते, आजच्या आज. म्हणाली, "तुला गल्ली ठाव हाय का?"

नाही. भूकंप झाला तेव्हा मी मांडीवरची. आई मला घेऊन माहेरी रेणापूरला गेली होती, गणपती बघायला. बाबा घरी राहिले. पहाटे ते झालं. बाबा गेले. त्यानंतर आईनं गाव बघितलं ते दगडांचा ढीग म्हणून. मग मला काखेत मारून लातूर, एका खोलीत, क्लासच्या पोरांचे डबे. तेव्हा क्लास वाढत होते, पोरं गावोगावहून येत होती, सगळ्यांना घरच्यासारखी भाकरी पाहिजे होती. त्या भाकरीवर मी इंजिनियर झाले.

आणि इंजिनियर होऊन काय केलं, तर आईची गल्ली मोडली. चिडले आहे स्वतःवर. लिहूनही राग जात नाही.

१२ एप्रिल, बुधवार

फिरोजनं जुन्या पानांची साठवण शोधून काढली. महिनाभर ठेवणार, मग पुसणार. आईचं पान त्यात आहे, जसंच्या तसं. तेवढं एक पान जुन्या रूपात उघडता येतं, फक्त बघायला. हात लावला की नवीन मांडणी धावून येते.

फिरोजनं आपण होऊन केलं हे. मी थँक्यू म्हटलं तर म्हणे, "तुमच्या अम्मीच्या हातचं वरण खाल्लंय मी, मॅडम. ते काय फुकट होतं का?"

जुनं रूप घरी नेऊन आईला दाखवलं. चष्मा लावून लांबून बघितलं. खूप वेळ. म्हणाली, "हं. हीच." टॅब माझ्या हातात परत दिला नाही, उशाशी ठेवला. पण गप्प गप्पच आहे अजून. माझ्याशी बोलते ते मीठ-मिरचीपुरतं.

दरम्यान ऑफिसात: रेणापूर नाक्याच्या सरांकडं एक पालक पेढे घेऊन आले. त्यांच्या पोराचा फोटो पहिल्या आलेल्याएवढा मोठा लागला म्हणून. सरांचा परत फोन. म्हणे, आता लहान करू तरी कसा? त्यांनी तेच पेढे ऑफिसात पाठवून दिले, ते मीच खाल्ले.

१३ एप्रिल, गुरुवार

नि. सरांशी बोलले. भांडले म्हटलं तरी चालेल.

मी म्हटलं, रिकामा बॉक्स आपोआप काढायचा नाही. आधी विचारायचं, काढू का राहू देऊ. आणि जुनी पानं जशी होती तशी परत द्यायची. सर म्हणाले, वर्षा, हे तूच मांडलं होतंस. वर्षभर माझं डोकं खाल्लंस, की प्रश्न विचारून विचारून माणूस बेजार होतो, आपोआप होऊ द्या. खरं आहे. माझीच वाक्यं माझ्या तोंडावर. नवीन माणसांना मांडणी आवडते, रोज नवीन क्लास येतोय, आणि महिन्या-दीड महिन्यात निकाल. निकालाच्या तोंडावर काही हलवायचं नाही म्हणतात. त्यांचंही चूक नाही. ते आधी फिजिक्स शिकवायचे, घर गहाण टाकून हे काढलंय.

शेवटी म्हणाले, "जुन्यांना सवय होईल गं."

घरी येऊन आईला सांगितलं. आई डबे पुसत होती. म्हणाली, "व्हती की सवय. मला बी झाली." आणि पुसत राहिली.

मला तिथं उभं राहवेना, गच्चीवर गेले.

१६ एप्रिल, रविवार. नांदेड

सकाळच्या एस.टी.नं आईला घेऊन मावशीकडं. आई दोन वर्षांत पहिल्यांदा खानावळ बंद ठेवून निघाली. पोरांना आदल्या दिवशी धपाटे करून ठेवले. अहमदपूरला चहा, लोह्यापर्यंत ऊन एवढं की खिडकीला हात लागेना. वाटेत आईला विचारलं, कशासाठी चाललोय आपण? "सखूला इचारायचंय," एवढंच.

मावशी बारीक झालीय, जीभ तेवढीच. दारातच, "आली का गल्लीची मालकीण." आईला मिठी मारली, दोघी रडल्या, मग लगेच भांडायला लागल्या. भांडण सुरू झालं तसं मला हायसं वाटलं. टॅबवर जुनं रूप उघडून मध्ये ठेवलं. मावशी बोट ठेवून ठेवून एकेक घर वाचत गेली. मिस्त्री. काशी. ही माझी. मारुती. मग थांबली.

"व्यंकटचं घर कुठाय?"

व्यंकट म्हणजे माझे बाबा. आणि तेव्हा मला कळलं, की पानावर सगळी घरं आहेत आणि आमचंच नाही. दोन वर्षं बायकांनी बघितलं, मी आठवडाभर डोळे फोडून बघितलं, कुणाला दिसलं नाही.

आई पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "हाय की. तिथं." काशीबाईच्या शेजारी एक रिकामा बॉक्स.

"तिथं तर कायबी न्हाई."

"तेच."

"नाव का न्हाई लिवलं?"

आईनं त्या कोऱ्या बॉक्सवरून बोट फिरवलं. मग हळूच, "त्येंचं नाव मी कसं लिहू?"

आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही, हे मला माहीत आहे. रेशनच्या दुकानात, बँकेत, माझ्या शाळेत, कुणी विचारलं की माझ्याकडं बघायची आणि मी सांगायचे. लहान होते तेव्हा गंमत वाटायची, मोठी झाल्यावर चीड यायची. पण हे मनात आलं नव्हतं, की लिहायचंसुद्धा नाही. सगळ्या गल्लीची नावं टाकली बाईनं, आपल्या घरापाशी आली आणि बॉक्स कोरा सोडून दिला. "मला ठाव हाय ना, झालं," म्हणाली.

आणि माझ्या मांडणीनं तो काढून टाकला. रिकामा म्हणून.

मला रडू आवरेना. मावशीनं पाठीवर एक जोरात मारली. म्हणाली, "रडतीस काय, तू लिव की. बापाचं नाव लेकीनं घ्यायला कुणाचं काय जातंय."

मी लिहिलं. आधी कागदावर, कारण जुन्या रूपाला हात लावायची सोय नाही. आई म्हणाली, "बारीक लिही." का बारीक, ते नाही सांगितलं. लाजली होती. पन्नाशीची बाई, लाजली.

यापुढं आणखी एक घोळ. मावशी म्हणते, व्यंकटचं घर तिथं नव्हतंच. काशीच्या शेजारी कसं असेल, ते माझ्या भिंतीला लागून, समोरच्या अंगाला. आई म्हणते, नाही. दोघींची जुंपली. मावशी म्हणाली, "सुमे, तू सून व्हतीस. पुढच्या दारानं कवा निघालीस? पाण्याला परसाकडून, धुण्याला परसाकडून. तू सगळी गल्ली मागून बघितलीस, म्हणून तुझं उलटं झालंय."

आईनं टॅब पालथा ठेवला. लग्न होऊन दोनेक वर्षंच ती त्या गल्लीत राहिली, त्यातलं एक माझ्या बाळंतपणात गेलं. परतीच्या गाडीत कधी नव्हे ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "एवढं एक घर मला नीट ठाव हाय असं वाटायचं."

१८ एप्रिल, मंगळवार

आई आजारी नाही, पण आहेही. पोळ्या करपवल्या. एका पोरानं विचारलं, आज्जी बरं नाही का, तर त्याला दोन जास्त वाढल्या.

एक बरं झालं, माझ्याशी बोलायला लागली. सारखी तेच तेच. काशीच्या दुकानातून जिऱ्याचा वास यायचा, तो कुठून यायचा? मिस्त्रीची शेळी कुठल्या भिंतीवर चढायची? मी टॅबवर लावून बघते, हिचं एक दुसऱ्याशी जुळत नाही. मी म्हटलं, असू दे गं, कुठंही असलं तरी आपलंच होतं. चुकीचं बोलले. तिनं माझ्याकडं असं बघितलं.

"कुठंबी कसं असंल? घर एका जागी असतंय."

माफी मागितली.

२० एप्रिल, गुरुवार

फिरोजचा सल्ला असा, की फक्त आईच्या पानाला नवीन मांडणीतून सूट द्यायची. नि. सरांना न विचारता. मी नाही म्हटलं. आईला सूट देऊन धर्माबादच्या चाचांना काय सांगू? मग तोच म्हणाला, बरं, निदान आईच्या पानापुरती चाचणी म्हणून चालू करा, काढू का राहू देऊ विचारणारी मांडणी. सरांना सांगून. सांगितलं. सर हो म्हणाले, बघू तरी कसं दिसतं. सोमवारी दाखवायचं. आवडलं तर सगळ्यांना, नाहीतर निकालानंतर बघू, म्हणजे तोपर्यंत साठवण पुसून गेलेली असणार. तेवढं मी बोलून दाखवलं.

संध्याकाळपर्यंत बसून केलं. जुनी गल्ली परत आली, आता हात लावता येतो. रिकाम्या बॉक्सपाशी एकच ओळ: "हा रिकामा आहे. राहू देऊ?" आधी लिहिलं होतं "काढू?" मग बदललं.

२३ एप्रिल, रविवार

दुपार. पोरं जेवून गेली, भांडी झाली. आई टॅब घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"दार उगवतीला व्हतं," म्हणाली.

कसं काय म्हटलं.

"तू पुढच्या उंबऱ्यात बसायचीस. मी आतून भाकरी थापत बघायची. सकाळचं ऊन तुझ्या तोंडावर यायचं, डोळं बारीक करून रडायचीस. मग हे उठून तुझ्यापुढं उभं ऱ्हायचे, सावली कराय. न बोलता. तसेच उभे, दाढी करत करत." थांबली. "पुढच्या दारात सकाळचं ऊन यायचं म्हंजी दार उगवतीला. काशीच्या रांगेतली समदी दारं मावळतीला. म्हंजी सखूचं बरोबर हाय."

मी बाबांना बघितल्याचं मला आठवत नाही. फोटो एकच आहे, लग्नातला, त्यात ते घाबरलेले दिसतात. आज पहिल्यांदा मला ते उभे दिसले, गालाला साबण, माझ्यासाठी ऊन अडवून. आईचा हात धरून बसले, तिनं धरू दिला.

मग म्हणाली, सरक, मला करू दे.

गुरुवारी मी बाबांचं नाव बारीक घातलेला बॉक्स तिनं स्वतः उचलला. बोट ठेवून, माझ्या नवीन पद्धतीनं. बाणांशिवाय. गल्ली ओलांडून पलीकडं नेला आणि मावशीच्या भिंतीला लागून सोडला. सोडला तशी मावशी सरकली, मिस्त्री सरकला, मारुती एक पायरी खाली आला. आपोआप जागा करून देणारी माझी मांडणी. रिकाम्यांचं मी विचारायला लावलं होतं, हे तसंच राहिलं होतं, माझ्या लक्षातच आलं नाही.

आई चिडली नाही. मावशीला तिच्या जागी ठेवलं. तर बाबा हलले. बाबांना ठेवलं, तर काशी. चार वेळा, पाच वेळा. मग चष्मा काढला आणि माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, लहानपणी गणित चुकल्यावर बोलायची तसं म्हणाली,

"उचलायचं चांगलं केलंस गं. लई हलकं जातंय. पर मी एकाला हात लावला की तू बाकीच्यांना का उठवतीस? ज्येला जिथं ठिवला, तिथं राहू दे की."

लिहून घेतलं, शब्दन् शब्द. उद्या सरांपुढं हेच ठेवायचं, तक्रारींच्या सगळ्यात वर, रेणापूर नाक्याच्या सरांच्याही वर. ते काय म्हणतात कोण जाणे. आई आत झोपलीय, टॅब उशाशी. बाबा अजून अर्धे मावशीच्या घरात आहेत.